माश्यांना दिलेली खोटी खबर

ऑझी टफिनला न्यायला आलेली रुग्णवाहिका त्यानं फाटकापाशी दोनदा थांबवली. पहिल्यांदा कवळी राहिली म्हणून आणि दुसऱ्यांदा बायकोला दम द्यायचा राहिला म्हणून. छातीत पाणी भरलेलं, श्वास घेताना फाटक्या भात्यासारखा आवाज निघत होता, तरी गडी स्ट्रेचरवर उठून बसला.

"हिल्डा, त्या सिनेमावाल्यांना टोपल्या रिकाम्या द्यायच्या. कळलं? आत पेंढा कोंबायचा आणि द्यायच्या."

"कळलं रे बाबा."

"माझ्या माश्यांसमोर तसलं काही बोलायचं नाही कुणी."

"नाही बोलणार. आडवा हो."

"शपथ घे."

"घेतली. आता आडवा हो, ऑझी. हा ड्रायव्हर आला तेव्हा तरणा होता, बघ त्याच्याकडे."

ऑझी आडवा झाला, आणि गाडी चर्चच्या वळणावरून दिसेनाशी झाली.

'तसलं काही' म्हणजे काय, हे आमच्या नेदर कॉली गावात कुणाला सांगावं लागत नाही. घरातला कर्ता माणूस गेला की आमच्याकडे आधी मधमाश्यांना सांगतात, मग पाद्रीबुवांना, आणि मग वेळ उरला तर नातेवाइकांना. घराची लोखंडी किल्ली घ्यायची, माश्या राहतात त्या प्रत्येक पेंढ्याच्या टोपलीवर तीनदा ठोकायची आणि म्हणायचं, "मालक गेला गं बायांनो, तुमचा मालक गेला. तुम्ही जाऊ नका." नाव घ्यायचं नाही. टोपली ज्याची, मालक तोच, हे माश्यांना ठाऊक असतं. सांगितलं नाही तर माश्या रुसतात. सॅमवेजची म्हातारी मागे एकदा नवऱ्याच्या मरणाच्या गडबडीत सांगायचं विसरली, तर अख्खं मोहोळ उठून दफनाच्या वेळी थेट शवपेटीवर येऊन बसलं. पाद्रीबुवांनी प्रार्थना इतक्या लांबून म्हटली की शेजारच्या गावात चाललेल्या लग्नातल्या लोकांनी 'आमेन' म्हटलं, असं सांगतात. पण न सांगण्याहून वाईट म्हणजे खोटं सांगणं. माणूस जिवंत असताना 'गेला' म्हटलं, की माश्या तेवढ्या शब्दावर निघून जातात आणि मागे राहिलेल्या त्या माणसाला मरून तो शब्द खरा करावा लागतो. ऑझीचा बाप असं म्हणायचा, त्याचा आजा म्हणायचा, आणि ऑझी तर स्वतःच्या नावाइतकं हे खरं मानायचा.

हिल्डा नव्हती मानत. जी बाई एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात उभी राहून दोनशे पोरांना उकडलेला कोबी खायला लावते, तिचा चमत्कारावरचा विश्वास उडालेला असतो. तिची श्रद्धा एकाच बाईवर, ऑगस्टा पेनफोल्डवर. दोनशे वर्षांपूर्वी आमच्याच पाद्रीवाड्यात जन्मली, सात कादंबऱ्या लिहिल्या, लग्न न करता मेली, आणि तेव्हापासून गावातल्या चहाच्या दुकानांना जगवते आहे. ते सातही ग्रंथ हिल्डानं इतक्या वेळा वाचले होते की पुस्तकांच्या पाठी निघून आल्या होत्या आणि तिनं त्या शाळेतल्या चिकटपट्टीनं परत लावल्या होत्या. ऑझी बियाण्यांच्या जाहिरातपत्राखेरीज काही वाचत नसे.

तर या ऑगस्टाच्या तरुणपणावर सिनेमा निघाला. प्रेमाचा. एडमंड नावाचा एक देखणा तरुण धर्मोपदेशक, त्याला मधमाश्यांचा नाद, तिला लिहिण्याचा नाद, चर्चच्या भिंतीपाशी भेटीगाठी, मग तो तापानं मरतो आणि ती एकटीच त्याच्या माश्यांना बातमी सांगायला जाते. आमच्या चर्चच्या दप्तरात त्या काळच्या उपदेशकाची नोंद आहे. तो साठीचा होता आणि त्याला एक लाकडी पाय होता. पण सिनेमावाल्यांना लाकडी पाय कशाला हवा?

दिग्दर्शक ज्युलियन. तीस-बत्तीसचा, जूनमध्ये गळ्यात मफलर. टोपल्या बघायला टफिनांकडे आला आणि टोपल्यांऐवजी हिल्डाकडेच बघत राहिला.

"मिसेस टफिन, तुमचा चेहरा दोनशे वर्षांपूर्वीचा आहे."

"इतका? सत्तरी आत्ता लागली मला."

"नाही, म्हणजे, मला पाद्रीवाड्यातली जुनी मोलकरीण हवीय. ऑगस्टाच्या हातात ती किल्ली देते. एकच वाक्य आहे. 'किल्ली, बाईसाहेब.' कराल?"

करणार की नाही! ज्या बाईच्या पुस्तकांना तिनं आयुष्यभर चिकटपट्ट्या लावल्या, तिच्या हातात किल्ली द्यायची, भले ती बाई लीड्सहून आलेली बावीस वर्षांची नटी का असेना. हिल्डानं ते वाक्य तीन आठवडे घोटलं. मांजराला म्हणून दाखवलं, पोस्टमनला म्हणून दाखवलं, दुकानात ब्रेड घेताना म्हणून दाखवलं. इस्पितळात ऑझीलाही.

"किल्ली, बाईसाहेब," ती त्याच्या खाटेशी उभी राहून म्हणाली.

"जेवण वाढल्यासारखं म्हणतेस," ऑझी म्हणाला. "टोपल्यांचं काय?"

"रिकाम्या. सगळ्या सहा. पेंढा भरलाय."

आणि ते खरं होतं. तोपर्यंत खरं होतं.

चित्रण पाद्रीवाड्याच्या बागेत व्हायचं होतं. गुरुवारी सकाळी हिल्डा राखाडी झगा आणि पांढरी टोपी घालून उभी राहिली. भिंतीपाशी फळीवर सहा टोपल्या मांडलेल्या. विणलेल्या पेंढ्याच्या, घंटेसारख्या, ऑझीच्या बापाच्या हातच्या. रोवेना नावाची ती नटी पोरगी काळ्या कपड्यांत, नाक लाल केलेलं. ज्युलियननं कॅमेऱ्यातून पाहिलं, मफलर सोडला, परत बांधला.

"माश्या कुठायत?"

"आत नाहीयेत त्या," हिल्डा म्हणाली. "रिकाम्या टोपल्या ठरल्या होत्या."

"कुणाशी?"

हिल्डानं डोक्यावरची टोपी सरळ केली.

"मिसेस टफिन, रिकाम्या टोपल्यांशी बोलणारी बाई वेडी दिसते. माश्या दारातून आत-बाहेर करतायत आणि ही त्यांना सांगतेय, तर लोक रडतील. तसं नसेल तर..." त्यानं हातातली पानं चाळली. "काही हरकत नाही. आपण हा प्रसंगच काढू. ती चर्चमध्ये रडेल. चर्च तयारच आहे. मग टोपल्या नकोत, किल्ली नको."

किल्ली नको. हे शब्द हिल्डाला कुठे लागले ते तिचं तिलाच ठाऊक. पण थांबवलं तिनंच. कुणी गळ घातली नाही, कुणी दमदाटी केली नाही. पुढे तिनं स्वतःला हे कधी विसरू दिलं नाही.

"थांबा," ती म्हणाली. "भरलेल्या सहा वेगळ्या आहेत. आमच्या परड्यात, सफरचंदांच्या मागे. पहाटे आणायला हव्या होत्या, पण आज ढग आहेत, सगळ्या घरातच असतील."

आणल्या. धूर देऊन, चादरीत बांधून, ट्रॅक्टरच्या पाठीमागच्या गाडीत घालून, ताशी चार मैलांच्या वेगानं. ऑझीच्या माश्या काळ्या. इथल्या, जुन्या वाणाच्या, प्रार्थनामंदिरातल्या वडीलधाऱ्यांच्या कोटासारख्या काळ्या आणि तितक्याच तापट. पण धुरानं मऊ झाल्या होत्या. मांडल्या फळीवर. दारापाशी चार-दोन आल्या, वारा हुंगू लागल्या. ज्युलियन खूष झाला.

"ॲक्शन!"

"किल्ली, बाईसाहेब," हिल्डा म्हणाली. जेवण वाढल्यासारखं म्हणाली नाही. चांगलं म्हणाली.

रोवेनानं किल्ली घेतली, पहिल्या टोपलीवर ठोकली. टक, टक, टक. "मालक गेला गं बायांनो. तुमचा मालक गेला." मग दुसरी. मग तिसरी. मग थेट सहावीपर्यंत.

"कट!"

आणि हिल्डा, जी मानत नव्हती, ती टोपली-टोपलीपाशी वाकली आणि हळूच म्हणाली, "खोटं आहे गं. जिवंत आहे तो. सकाळी दोन अंडी खाल्लीत."

"हे काय चाललंय?" ज्युलियननं विचारलं.

"माश्या शांत करतेय."

"छान, छान. पुन्हा एकदा."

पुन्हा एकदा. मग ढग सरकला म्हणून पुन्हा. मग विमान गेलं म्हणून. मग रोवेनाच्या केसांत माशी अडकली म्हणून, मग ती निघाली पण रोवेना रडायची थांबेना म्हणून. दर वेळी अठरा ठोके, दर वेळी 'मालक गेला', आणि दर वेळी हिल्डा मागून वाकून, "खोटं आहे. उठून बसलाय. नर्सशी भांडलाय. सोमवारी घरी येणार म्हणालेत डॉक्टर." हे शेवटचं खरंच होतं. पाणी काढलं होतं, रंग परतला होता.

नवव्या खेपेला आवाज टिपणारा माणूस कानावरचं यंत्र काढून ओरडला, "कुणीतरी मागे पुटपुटतंय! दोन अंडी म्हणे! दोन अंडी कुठून आली दोनशे वर्षांपूर्वी?"

ज्युलियन हिल्डाजवळ आला. गोड बोलला. "मिसेस टफिन, किल्ली दिल्यावर तुम्ही तिथे खुर्चीवर बसा. चहा घ्या. कट म्हटलं तरी उठू नका, आम्ही मधे थांबणारच नाही आता. सलग घेतो."

हिल्डा बसली. हातात चहा. दहा, अकरा, बारा, तेरा, चौदा. पाच खेपांना खोडून काढणारं कुणी नव्हतं. चौदाव्या वेळी त्या लीड्सच्या पोरीनं असं काही म्हटलं की दिवे धरणाऱ्या गड्यांनी तोंडं फिरवली, आणि हिल्डाच्या बशीत चहा सांडला. कारण त्या क्षणी तिलाही वाटलं, की गेला.

माश्या त्या रात्री घरी परत आणल्या. शुक्रवारी टोपल्यांच्या दारात वर्दळ होती. शनिवारी जरा जास्तच होती. रविवारी दुपारी, लोक जेवायला बसलेले असताना, सहाच्या सहा टोपल्यांमधून एकदम मोहोळं उठली. पोस्टमन म्हणतो की ऊन झाकलं गेलं आणि सॅमवेजच्या कोंबड्या झोपायला गेल्या. इतकं नसेल. पण गेल्या एवढं खरं. खाणीच्या दिशेनं, एका रेषेत, मागे वळून न बघता. लाकडी पेट्यांत माश्या पाळणारे शहाणे पुढे म्हणाले की इतका धूर, इतके ठोके, इतका प्रवास, कुठल्याही माश्या गेल्या असत्या. हिल्डानं टोपल्या उलट्या करून पाहिल्या. पोळ्यांत मध तसाच. माशी एकही नाही.

सोमवारी ऑझी घरी यायचा होता. डॉक्टर म्हणाले, अजून चार दिवस राहू दे. हिल्डानं सुटकेचा श्वास टाकला, आणि नवरा घरी येत नाही म्हणून सुटकेचा श्वास टाकलेला पाहून तिची तिलाच शिसारी आली.

"सिनेमा झाला?" ऑझीनं विचारलं.

"झाला."

"रिकाम्या टोपल्यांशी बोलली ती पोरगी?"

"बोलली की. नटीच ती."

ऑझी हसला, खोकला. मग म्हणाला, "एक काम कर. काड्यापेटीत सात-आठ माश्या घालून आण उद्या. या वॉर्डात सगळे घोरतात. मला माझ्यांचा आवाज ऐकायचाय."

"अरे, इस्पितळात माश्या!"

"काड्यापेटीत म्हणतोय मी, मोहोळ नाही मागितलं. भोकं पाड पेटीला. का? अडचण काय आहे?"

"अडचण काही नाही," हिल्डा म्हणाली.

संध्याकाळी ती सिरिल हेक्स्टच्या दारात उभी. सिरिलनं लाकडी पेट्यांत इटलीच्या माश्या पाळलेल्या. पिवळ्या, गरीब, हातावर बसल्या तरी न चावणाऱ्या. ऑझी म्हणायचा की सिरिलच्या माश्या दुकानातून मध विकत आणतात. दोघं एकवीस वर्षं बोलत नव्हते, म्हणजे एकमेकांविषयीच बोलत.

"माझ्या माश्या?" सिरिल म्हणाला. "ऑझी टफिनला? जग बुडणार बहुतेक."

"सात-आठ दे. हात जोडते."

"हिल्डा, त्याच्या काळ्या, माझ्या पिवळ्या. आंधळ्यालाही कळेल."

"चष्मा काढून आणलाय मी त्याचा. दांडी दुरुस्त करते म्हणून सांगितलं."

सिरिलनं तिच्याकडे पाहिलं. नेहमीचा टोमणा जिभेवर आला असावा, पण त्यानं गिळला. "आत ये," म्हणाला. "गेल्या ना सगळ्या? बघितल्या मी जाताना. वाटलं, आता हिच्याकडे जावं. मग वाटलं, नको."

दुसऱ्या दिवशी हिल्डानं काड्यापेटी ऑझीच्या हातात दिली. चष्मा तिच्या पिशवीत, रुमालाखाली. नर्स पलीकडच्या म्हाताऱ्याची उशी ठोकत होती. ऑझीनं पेटी उघडली नाहीच. त्यानं ती कानाशी धरली आणि डोळे मिटले. हिल्डा त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती, भाजायला ठेवलेल्या केककडे बघावं तशी, फुगतोय की बसतोय.

बसला.

ऑझीनं डोळे उघडले. मग त्यानं पेटी चादरीवर ठेवली.

"या सिरिलच्या."

"काहीतरीच काय!"

"माझ्या घशातून गातात. या नाकातून गातात. माझ्या कुठायत, हिल्डा?"

खोटं बोलायचं म्हणून तिनं तोंड उघडलं, आणि सगळं खरं बाहेर पडलं. पेंढा, ज्युलियन, चर्च तयारच आहे, किल्ली नको, ट्रॅक्टर, धूर. चहासुद्धा सांगितला. ऑझी ऐकत होता. मधे एकदाच बोलला.

"किती वेळा?"

"चौदा."

"चौदा."

"नऊ वेळा मी मागून खोडलं, ऑझी. अंडी सांगितली त्यांना."

"आणि पाच?"

"बसले होते."

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. ऑझी पेटीवर एक बोट ठेवून होता.

"आणि तू ते वाक्य बरं म्हटलंस का?"

"बरं म्हटलं, असं तो म्हणाला."

"चष्मा दे."

तिनं पिशवीतून चष्मा काढून दिला. दांडी धडच होती. त्यानं तो लावला आणि बायकोला नीट पाहिलं, शेहेचाळीस वर्षांत प्रथमच पाहावं तसं. रागाचं तिला काही वाटलं नसतं. तिला राग हाताळता येत होता, दोनशे पोरांचा हाताळलेला. पण तो रागात नव्हता.

"ह्या सिरिलला परत नेऊन दे. सात आहेत, सातही जिवंत दे. आणि उद्या येऊ नकोस."

"ऑझी..."

"शुक्रवारी मला घरी सोडतो म्हणतायत ते. मी घरी येऊन काय करू? मालक गेला म्हणून सांगून झालंय. दोनदा मरू?"

हिल्डा बसनं परतली. पेटी मांडीवर. सिरिलनं माश्या मोजून घेतल्या, सात भरल्या, आणि त्यानं तिला आत बोलावलं तरी ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं घरातली सगळी तांब्याची भांडी घासली. टोपल्या धुऊन उन्हात घातल्या. मानत नसलेली बाई संध्याकाळी खाणीपर्यंत चालत गेली आणि कडेला उभी राहून कान देऊन आली. वारा होता नुसता.

त्या एका दिवसात ऑझीनं जेवण बंद केलं होतं. हट्टानं नाही. नर्सनं चमचा पुढे केला की तो सभ्यपणे म्हणे, "नको, बाई, उगाच वाया." ताप परत आला. डॉक्टर, एक तरुण मुलगी, हिल्डाला बाजूला घेऊन म्हणाली, "कळत नाही. फुफ्फुसं साफ होती. काही घडलं का घरी?"

"माश्या गेल्या," हिल्डा म्हणाली.

डॉक्टरनं ते लिहून घेतलं नाही.

ऑझी गेला पुढच्या बुधवारी, सकाळी साडेनऊला, चहाची गाडी वॉर्डात शिरत असताना. माश्यांना सांगायचा प्रश्नच नव्हता, सांगणार कुणाला? सिरिल दारात येऊन टोपी हातात धरून म्हणाला, "माझ्यांना सांग हवं तर. पिवळ्या असल्या तरी माश्याच त्या." हिल्डा म्हणाली, "त्यांची-त्याची ओळख नव्हती, सिरिल." तो गेला.

पण सांगायचंय ते आदल्या दिवसाचं, मंगळवारचं.

गुरुवारपासून ती रोज जात होती. ऑझी तिला जा म्हणत नव्हता आणि ये म्हणत नव्हता. ती खुर्चीवर बसे, तो छताकडे बघे. शनिवारी तो अचानक म्हणाला, "ती तुझी बाई. ऑगस्टा. तिनं मग दुसऱ्या कुणाशी लग्न केलं का?"

"नाही. पुस्तकं लिहिली. सात."

"आणि त्याच्या माश्या?"

"कुणाच्या?"

"मेलेल्याच्या. त्या उपदेशकाच्या. तिनं सांगितल्यावर राहिल्या, की गेल्या?"

सिनेमात ते नव्हतं. कुणाला सुचलंच नव्हतं. चौदा वेळा सांगून झालं, आणि ऐकणाऱ्यांनी काय केलं हे एकानंही विचारलं नव्हतं.

"राहिल्या," हिल्डा म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"पुस्तकात आहे. शेवटच्या."

"मग आण. वाच."

तिनं सातवं पुस्तक आणलं, चिकटपट्टीवालं. त्यात एक वारसाहक्काचं भांडण आहे, दोन लग्नं आहेत, समुद्रकिनाऱ्यावरचं एक भाड्याचं घर आहे. माशी नाही, साधी घरमाशीसुद्धा नाही. हिल्डानं ते मधेच कुठेतरी उघडलं, चष्मा नाकावर बसवला आणि वाचायला लागली. एडमंडच्या माश्या काळ्या होत्या. बातमी ऐकून त्या तीन दिवस बाहेर पडल्या नाहीत. चौथ्या दिवशी एक बाहेर आली, दाराशी थांबली, ऑगस्टाच्या मनगटावर येऊन बसली. रविवारी तिनं उन्हाळा वाचला. लिंडनच्या झाडांचा बहर, उन्हात तापलेल्या भिंती, टोपल्या जड होत चाललेल्या. सोमवारी शरद वाचला. ज्या बाईला 'किल्ली, बाईसाहेब' म्हणायला तीन आठवडे लागले, तिच्या तोंडून पानांमागून पानं निघत होती, आणि तिला स्वतःलाच भीती वाटत होती, की हे येतंय कुठून.

नर्स एकदा मागे येऊन उभी राहिली, पुस्तकात डोकावली, ओळींवर नजर फिरवली. मग पाय न वाजवता निघून गेली.

मंगळवारी ऑझीचे डोळे मिटलेले होते. श्वास एक यायचा आणि दुसऱ्याचा भरवसा नसायचा. हिल्डा हिवाळ्यापर्यंत आली होती. बर्फ पडलंय, टोपल्यांवर पोती टाकलीत, आणि आत माश्या राणीभोवती गोळा होऊन, एकमेकींना चिकटून, ऊब धरून आहेत. बाहेरच्या आत येत, आतल्या बाहेर जात, आळीपाळीनं, म्हणजे कुणा एकीलाच थंडी सोसावी लागू नये. ती वाचत गेली. डोळे भरले होते, अक्षर एक दिसत नव्हतं, आणि दिसायची गरजही नव्हती. किती वेळ गेला कोण जाणे.

"हिल्डा."

ती थांबली. "काय रे? पाणी हवंय?"

ऑझीनं डोळे उघडले नाहीत.

"मघापासून त्याच पानावर आहेस, म्हातारे," तो म्हणाला. "पान उलट."

तिनं पान उलटलं.